वादळ नव्हे, आभाळ

शेरडी या एका शब्दावरून माझ्या आईची सुरतेतली पहिली फजिती झाली. माझे वडील, अप्पा, तेव्हा कापडाच्या लूमवर होते, आणि लिंबायतमधल्या आमच्या खोलीला लागून जशोदाबेन नावाची सुरती बाई राहायची. आई लग्न होऊन शिरपूरकडच्या खेड्यातून नुकतीच आलेली. एका सकाळी जशोदाबेननं दारातूनच सांगितलं, "तारो वर चलथाण गयो छे, शेरडी लईने आवशे." आईला त्यातलं चलथाण कळलं, अप्पा गेले होते ते गाव, आणि शेरडी कळलं. आमच्याकडे शेरडी म्हणजे शेळी. आईनं दुपारभर खोलीबाहेरची जागा झाडून काढली, दगडानं खुंटी ठोकली, कुणाकडून तरी मूठभर पाला मागून आणला आणि भाड्याच्या खोलीत आपल्याला शेळी पाळायला मिळणार म्हणून खुशीत वाट पाहत बसली. संध्याकाळी अप्पा उसाची मोळी खांद्यावर टाकून आले. "शेरडी कोठे शे?" आईनं विचारलं. अप्पांनी मोळी खाली टाकली आणि म्हणाले, "ही काय!" गुजरातीत शेरडी म्हणजे ऊस. तो सगळा पाला शेवटी जशोदाबेनच्या दिराच्या बकरीनं खाल्ला, आणि ऊस खाताना आई इतकी हसली की तिला ठसका लागला.

अशा घरात मी वाढले. शब्द आमच्याकडे फसवायला टपलेले असत आणि फसलं की सगळे हसत. मी पहिलीत असताना बाईंनी मला विचारलं, "तारी मम्मी नवरी छे?" त्यांना विचारायचं होतं, तुझी आई मोकळी आहे का, शाळेत येऊ शकेल का. मी छाती पुढे काढून सांगितलं, "नाही, तिचं लग्न कधीच झालंय." घरी अहिराणी, गल्लीत हिंदी, शाळेत गुजराती आणि मामाकडून पत्र आलं की त्यात मराठी, असं चार बाजूंनी बोलणं अंगावर यायचं. कुणी ते शिकवलं नाही. आज माझी नात एका वाक्यात तीन भाषा घालते तेव्हा तिची आई तिला दटावते, आणि मी हळूच नातीची बाजू घेते.

आवाजाचंही सांगायला हवं. आमच्या खोलीमागे लूमचा गाळा होता. दिवसपाळी आणि रातपाळी मिळून तो खडखडाट अखंड चालायचा. लाइट गेली की गाळा थांबायचा आणि त्या शांततेनं लहान मुलं रडायला लागायची. अप्पांचे निम्मे कान त्या लूमनी खाल्ले. पुढे त्यांनी लूम सोडून हजिऱ्याच्या बंदरावर खलाशाचं काम धरलं. खलाशी म्हणजे जहाजावरचे नव्हेत, दोरखंड आणि पहारींनी अवजड यंत्रं हलवणारी माणसं. अप्पा त्या कामात तरबेज झाले, गावाकडची पोरं आणून त्यांनी स्वतःची टोळी उभी केली, पण कान काही परत आले नाहीत. त्यामुळे आमच्या घरात कुजबुज नव्हती. मीठ मागायचं तरी ओरडून मागायचं. माझा आवाज त्या घरानं असा तयार केला की कॉलेजात मी पुस्तक वाचायला उठले की शेजारच्या वर्गाच्या खिडक्या लागायच्या.

आईच्या हाताला मात्र शांतता होती. ती कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी थापायची तेव्हा तिचे ओठ किंचित हलत, कदाचित गाणं म्हणत असेल, आम्हाला कधी ऐकू आलं नाही. भाकरीवर हिरव्या मिरचीचा ठेचा, वर कच्चं तेल, बाजूला कांदा. उन्हाळ्यात ती पत्र्यावर ज्वारीचे बिबडे, म्हणजे पापड, वाळत घालायची आणि दिवसातून कितीदा तरी दारात येऊन वर पाहायची. जरा ढग दिसले की हाक यायची, "सुमन, आभाय उनं व! बिबडा उचल!" आमच्या अहिराणीत ळ राहत नाही, त्याचा य होतो. आभाळ आलं, म्हणजे ढग आले. आभाळ तर रोजच डोक्यावर असतं, मग ते येतं कुठून, हा प्रश्न मला तेव्हा कधी पडला नाही.

बी.ए.च्या परीक्षेनंतर मला हजिऱ्याच्या एका जहाज एजंटाच्या ऑफिसात काम मिळालं. टाइप करायचं, फोन घ्यायचे आणि परदेशी माणसांचं इंग्रजी साहेबांच्या गुजरातीत सांगायचं. साहेब म्हणजे देसाईसाहेब, सतत पान खाणारे, सतत काळजीत असलेले, पण मनानं चांगले. तिथल्या नव्या कारखान्यासाठी समुद्रातून एक प्रचंड पोलादी नळा येणार होता. इंजिनिअर त्याला कॉलम म्हणत, खलाशी नळा म्हणत. तो उतरवायचं काम अप्पांच्या टोळीकडेही होतं, म्हणून तर अप्पांनी मला तिथे जाऊ दिलं. अट एकच होती. नळा उतरला की नोकरी संपली. शिरपूरच्या एका घरून माझ्यासाठी विचारणा आली होती, नळ्यानंतरच्या रविवारी ती माणसं पाहायला येणार होती, आणि त्यांनी आधीच कळवलं होतं की बंदरावर पुरुषांत वावरणारी मुलगी त्यांना नको. अप्पा मला म्हणाले, "तवलग जा. मंग घर." मी मान हलवली. त्या वयात मला मोठ्यानं बोलता यायचं, पण उलटं बोलता यायचं नाही.

नळा बार्जवरून, म्हणजे सपाट मालवाहू तराफ्यावरून, आला. त्याच्याबरोबर आले येन्ससाहेब, डेन्मार्कचे. उंच, पिकलेल्या दाढीचे, ऊन लागून लाल झालेले. उचलण्याचं सगळं काम त्यांच्या हुकुमानं चालणार होतं. क्रेन चालवायला आर्ने नावाचा नॉर्वेचा माणूस होता. दोघं आपापल्या भाषेत बोलत आणि एकमेकांना समजत, अगदी मी जशोदाबेनशी बोलावं तसं. येन्ससाहेबांचं इंग्रजी जहाजांवर शिकलेलं होतं, घाईचं आणि मोडकंतोडकं. मी पहिले काही दिवस त्यांच्यासमोर खाली मान घालून उभी राहायची. ते विचारत त्याचं उत्तर द्यायची, एक शब्द जास्त नाही.

उचलण्याचा दिवस भरतीवर ठरला. तापीच्या मुखाशी पाणी असं चढतं-उतरतं की सकाळी जे बार्ज जेट्टीच्या बरोबरीला तरंगतं ते दुपारी चिखलात बसतं. मोठी भरती गाठली तर नळा सरळ जेट्टीवरच्या गाडीवर उतरवता येणार होता. ती चुकली तर पुढच्या मोठ्या भरतीपर्यंत थांबायचं, आणि तोवर पावसाळा तोंडावर येणार. नळ्याला दोन बाजूंनी लांब दोर बांधले. क्रेननं तो उचलला की तो हवेत गिरकी घेऊ नये म्हणून हे दोर माणसांनी ताणून धरायचे. एका बाजूला मुकादम नानुभाईंची गुजराती टोळी, दुसऱ्या बाजूला अप्पांची. अप्पांच्या टोळीतली बरीच पोरं गावाहून नुकतीच आलेली, गुजराती त्यांना अजून समजत नव्हतं. आणि अप्पांना समजत असलं तरी क्रेनच्या आवाजात ऐकू येत नव्हतं.

नळा वर गेला. मी ऑफिसच्या दारात वायरलेस घेऊन उभी होते, शेजारी देसाईसाहेब. एवढं लोखंड दोरीवर टांगलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं. त्याची सावली जेट्टीवरून सरकत होती आणि सावलीतली माणसं श्वास धरून चालत होती. तेवढ्यात ती सावली पुसली गेली. समुद्राकडून काळे ढग आले होते, पाहता पाहता खाडीवर पसरले, आणि दिवसाचा उजेडच बदलला. देसाईसाहेब घाबरले. त्यांनी माझ्या हातातला वायरलेस घेतला आणि इंग्रजीत विचारलं, तुफान येतंय का, काय परिस्थिती आहे? पलीकडून, बार्जवरून, येन्ससाहेबांचा आवाज आला, अगदी निवांत, "नो स्टॉर्म. ओन्ली स्काय. नथिंग बट स्काय!"

देसाईसाहेबांनी वर पाहिलं. वर कुठेही निरभ्र काही नव्हतं. "आ माणस गांडो थई गयो छे," ते म्हणाले. डोक्यावर काळोख आणि हा म्हणतो आकाशाशिवाय काही नाही! एकतर याला दिसत नाही, नाहीतर याचं डोकं फिरलं, असं त्यांना वाटलं, आणि नळा परत बार्जवर ठेवायचा हुकूम द्यायला त्यांनी तोंड उघडलं.

त्याच क्षणी जेट्टीवर नानुभाईंनीही वर पाहिलं होतं. माणसं बिचकली आहेत हे त्यांच्या लक्षात आलं आणि धीर द्यायला ते ओरडले, "कंई नथी! वादळ छे! काम चालु राखो!" गुजरातीत वादळ म्हणजे ढग. काही नाही, ढग आहेत, काम चालू ठेवा, इतकं साधं बोलणं. पण क्रेनच्या घरघरीतून आमच्या पोरांपर्यंत एकच शब्द पोचला. वादळ! मुकादम स्वतः ओरडतोय, वादळ! पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. एकानं दोर सोडला. मग दुसऱ्यानं. मी पाहत होते, नळा आमच्या बाजूनं सैल झाला आणि सावकाश, फार सावकाश, फिरायला लागला. अप्पा पुढच्या दोराला लटकून मागे ओढत होते आणि त्यांच्या मागचा दोर रिकामा होत चालला होता.

मला आठवतं ते असं, की घाबरायच्या आधी मला आईची हाक आठवली. आभाय उनं व. आम्ही आभाळ म्हणून ढगांना हाक मारतो. मग हा माणूस स्काय म्हणून ढगांना हाक मारत असला तर? मी देसाईसाहेबांच्या हातातून वायरलेस ओढून घेतला. होय, ओढून. आणि विचारलं, "साहेब, युअर स्काय, व्हॉट इज इट? इज देअर वॉटर इन इट?"

"येस, येस! वॉटर! ग्रे! अ लिटल रेन!" ते वैतागले होते. "स्काय!"

"अँड विंड? एनी विंड?"

"नो विंड! आय लुक, नो विंड! टेल देम होल्ड द रोप!"

देसाईसाहेब माझ्याकडे पाहत होते. मी म्हणाले, "साहेब, ए वादळने स्काय कहे छे. पवन नथी." हे ढगांनाच स्काय म्हणतात, वारा नाही. त्यांनी पान एका गालातून दुसऱ्या गालात सारलं, एकदा वर पाहिलं, एकदा नळ्याकडे, आणि म्हणाले, "तने समजाय छे, तुं बोल."

मी पळाले. जेट्टीवर लोखंडी पेट्यांचा ढीग होता, त्यावर चढले आणि ज्या आवाजात आयुष्यभर मीठ मागितलं त्या आवाजात ओरडले, "वादय नही शे रे! आभाय शे! नुस्तं आभाय! दोर धरा!"

अप्पांनी मान वळवली. क्रेनच्या घरघरीतून त्यांना दुसरं कुणाचं काही ऐकू येत नव्हतं, पण मुलीचं ऐकू आलं. ते मागच्या पोरांवर गरजले, "आभाय शे म्हनस ती! धरा!" पोरं परतली. एकानं दोर धरला, मग चौघांनी, मग सगळ्यांनी, आणि त्यांच्या टाचा फळ्यांवर घासत पुढे गेल्या आणि थांबल्या. नळा थरथरला. फिरायचा थांबला. मी नानुभाईंकडे वळून ओरडले, "काका, वादळ ना बोलशो! अमारामां वादळ एटले तोफान!"

"तो शुं बोलुं?"

"आभाळ बोलो!"

नानुभाई भला माणूस. त्यांनी लगेच हात तोंडाशी धरून आमच्या पोरांना आरोळी दिली, "आभाळ छे! आभाळ!" त्यांच्या सुरती तोंडून तो शब्द ऐकून पोरं भर ताणात हसली, आणि हसणारी माणसं दोर सोडत नाहीत. वायरलेसवरून येन्ससाहेबांनी विचारलं, "व्हॉट डू यू टेल देम?"

"आय टेल देम स्काय, सर."

"फायनली!" ते ओरडले. "फायनली समबडी!"

त्यानंतर मला पेटीवरून कुणी उतरू दिलं नाही. येन्ससाहेब इंग्रजीत सांगत, मी डावीकडे गुजरातीत ओरडे आणि उजवीकडे अहिराणीत. ढील द्या, ताणा, थांबा, एक पाऊल मागे. थोडे थेंब पडले, माझा चष्मा ओला झाला, वारा आला नाही. नळा गाडीवर टेकला तेव्हा इतका हलकेच टेकला की आम्हाला आधी कळलंच नाही. आर्नेनं क्रेनच्या खिडकीतून बाहेर झुकून दोन्ही हात वर केले आणि मग दोन्ही बाजूंच्या टोळ्यांनी जी आरोळी दिली ती मी अजून कानांत ठेवून आहे. पाणी नुकतंच उतरायला लागलं होतं.

दुपार कलली तसे सगळे जेवायला बसले. येन्ससाहेब आमच्या टोळीत येऊन मांडी घालून बसले, त्यांना मांडी नीट जमेना. अप्पांनी आपल्या डब्यातली कळण्याची भाकरी मोडून त्यांच्या हातावर ठेवली, वर ठेचा. तो खाऊन त्यांचा चेहरा आणखी लाल झाला, पण त्यांनी भाकरी संपवली आणि अजून मागितली. मग त्यांनी मला विचारलं, तुला कसं कळलं? मी सांगितलं, आमच्यातही आभाळ म्हणजे आकाश आणि आभाळ म्हणजे ढगही. ते आर्नेकडे वळून भराभरा काही बोलले आणि मग मला समजावू लागले. डॅनिशमध्ये ढगाला 'स्क्यू' म्हणतात, लिहिताना इंग्रजी स्कायसारखंच. आकाशाला 'हिम्मेल'. घाईत ते आपलाच ढग इंग्रजीत बोलून गेले होते. आर्नेनं लगेच दुरुस्त केलं, नॉर्वेतही तेच अक्षर, तोच ढग, पण म्हणायचं 'श्यू'. येन्ससाहेबांनी कपाळाला हात लावला, जणू हे भांडण त्यांच्यात जुनं होतं. स्वीडनचे लोक ढगाला जास्त करून 'मोल्न' म्हणतात, स्क्यू तिथे थोडं पुस्तकी. आइसलँडला अजून 'स्की'. येन्ससाहेबांची आजी फेरो बेटांवरची, ती 'स्कुईच' असं काहीतरी म्हणायची आणि ते तिची नक्कल करायचे म्हणून मार खायचे.

"मग इंग्रजांचं स्काय?" मी विचारलं.

"आमच्याकडूनच घेतलं," ते म्हणाले. "जुन्या काळी आमची जहाजं तिकडे जायची. आधी त्यांच्याकडेही त्याचा अर्थ ढगच होता. मग हळूहळू सगळं आकाशच स्काय झालं. इंग्लंडमध्ये राहून पाहा, दोन्हीत फरक नाही." आर्ने इतका हसला की त्याच्या हातातला कांदा पडला.

अप्पा मधे मधे विचारत होते, "काय म्हनस तो?" आणि मी ओरडून सांगत होते. अखेर उठताना येन्ससाहेब म्हणाले, आमच्यात 'स्क्यू'चा अजून एक अर्थ आहे, बुजरा. "यस्टरडे यू वॉज स्क्यू. टुडे, नो." हे मात्र मी अप्पांना सांगितलं नाही.

पुढे मी याच वाटेला लागले. भाषाशास्त्र शिकले, शिकवलं. ग्रंथालयात पहिल्यांदा जाडजूड व्युत्पत्तिकोश हाती आला तेव्हा मी स आणि क शोधायला बसले. स्कायच्या मुळाशी 'झाकणं' आहे असं तिथे होतं, त्याच मुळातून डॅनिशमधली 'स्क्यूगे', म्हणजे सावली. संस्कृतातल्या झाकण्याच्या एका धातूशीही त्याचं नातं जोडलेलं होतं. बुजरा या अर्थाचा स्क्यू वेगळ्या मुळाचा निघाला. आणि आपलं आभाळ अभ्रावरून आलेलं, अभ्र म्हणजे ढग. म्हणजे खानदेशातल्या आणि उत्तर समुद्राकाठच्या माणसांनी एकमेकांना न विचारता एकच गोष्ट केली होती. वर पाहिलं, ढग दिसला, आणि त्याचंच नाव सगळ्या पोकळीला देऊन टाकलं. त्या दिवशी ग्रंथालयात मी मोठ्यानं "अगं बाई!" म्हणाले आणि ग्रंथपालांनी मला बाहेर काढलं. त्याचं मला आजही काही वाटत नाही.

पण त्याआधी तो रविवार होता. देसाईसाहेबांनी शनिवारी अप्पांना बोलावून सांगितलं होतं की पुढच्या कामांसाठी सुमन हवी, कारखान्याची अजून पुष्कळ यंत्रं यायची आहेत. अप्पा घरी आले आणि थेट जेवायला बसले. आईनं विचारलं तर त्यांनी भाकरी मागितली. मी रात्री साडी काढून ठेवली, सकाळी नेसले, आईनं कांदेपोहे केले आणि चहाचं आधण ठेवलं. शिरपूरची माणसं आली, चटईवर बसली, इकडचं तिकडचं झालं. मग मुलाच्या काकांनी घसा खाकरून विचारलं, "मंग पोरनं काम बंद व्हयनं ना?"

मी चहाचे कप घेऊन पडद्यामागे उभी होते. आईचा हात माझ्या कोपरावर होता.

अप्पा आपल्या नेहमीच्या आवाजात बोलले, म्हणजे गल्लीत ऐकू जाईल अशा. "पोर कामवर जास. पुढेबी जाई. तिनं सांगं म्हनीसन माना टोळीना पोऱ्या आज जिवता शेत. चालत व्हई ते चहा ल्या, नही ते राम राम."

बाहेर लूमचा खडखडाट चालू होता. मग चटई सरकल्याचा आवाज आला, चपला शोधल्याचा आवाज आला, आणि काकांचा कोरडा राम राम.

आईनं पडदा बाजूला केला. चहा गाळून झाला होता, साखर घातलेली, वेलदोडा घातलेला. वाया कसा घालवायचा? अप्पा चटईवर तसेच बसले होते. आईनं जशोदाबेनला हाक मारली आणि चौघांनी मिळून तो सगळा चहा प्यायला.